कुत्र्याची विष्ठा आणि त्याचे आरोग्य : काय पाहावे, काय करावे

गाईचे शेण पातळ झाले किंवा बैलाने रवंथ सोडला, की शेतकऱ्याच्या ते त्याच दिवशी ध्यानात येते. मेंढीच्या लेंड्या मऊ पडल्या, तर मेंढपाळ तिला कळपातून बाजूस काढतो. जनावराच्या पोटात काय चालले आहे हे त्याच्या शेणावरून ओळखण्याची विद्या आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. कुत्र्याच्या बाबतीत मात्र ही दक्षता क्वचितच घेतली जाते. कुत्रा मोकळा हिंडतो, बांधाआड किंवा रस्त्याच्या कडेस विष्ठा टाकून येतो, आणि तिच्याकडे पाहण्याची कोणास गरज वाटत नाही. परिणामी कुत्र्याचे दुखणे बहुधा त्याने अन्न सोडल्यावर, म्हणजे फार उशिरा, लक्षात येते.

पुणे-सातारा रस्त्यावरील किकवी व भोर तालुक्यातील आसपासच्या गावांत कुत्रा हा शेतीच्या संसाराचाच एक घटक आहे. खळे, गोठा, कोंबड्या आणि वस्तीवरील घर यांची राखण तो करतो. पाऊस सरला की देशावरील मेंढपाळांचे कळप या तालुक्यातून कोकणाच्या वाटेस लागतात. वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढरे बसवून घेतात, आणि कळपाबरोबर मेंढपाळांचे कुत्रेही शिवारात मुक्काम करतात. अशा रीतीने गावचा कुत्रा, मेंढपाळाचा कुत्रा, मेंढरे, दुभती जनावरे आणि अंगणात खेळणारी मुले या सर्वांचा वावर एकाच जमिनीवर होतो. म्हणून कुत्र्याच्या विष्ठेचा विचार हा केवळ कुत्र्यापुरता विचार नव्हे.

विष्ठेवरून दोन प्रश्नांची उत्तरे शोधावयाची असतात. पहिला प्रश्न, कुत्रा निरोगी आहे काय? दुसरा प्रश्न, त्याच्यापासून घरातील माणसांस व कळपास काही धोका आहे काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बव्हंशी डोळ्यांनी पाहून मिळू शकते. दुसऱ्याचे उत्तर डोळ्यांनी मिळत नाही, आणि विष्ठा दिसावयास चांगली आहे एवढ्यावरून निर्धास्त राहणे हीच मोठी चूक ठरते. हा भेद प्रस्तुत लेखात स्पष्ट करावयाचा आहे.

निरोगी विष्ठा कशी असते

मोठा, निरोगी कुत्रा साधारणपणे दिवसातून एक ते तीन वेळा विष्ठा टाकतो. ती तपकिरी रंगाची व बांधीव असते. उचलली असता आकार टिकून राहतो आणि जमिनीवर फारसा डाग उरत नाही. तीवर आव, म्हणजे बुळबुळीत पडदा, किंवा रक्त नसते. तपकिरी रंग हा यकृतातून आतड्यात उतरणाऱ्या पित्तामुळे येतो. त्यामुळे रंगात झालेला मोठा बदल पुष्कळदा यकृताकडे किंवा आतड्यातील रक्तस्रावाकडे बोट दाखवितो.

आहाराप्रमाणे विष्ठेत फरक पडतो, हेही लक्षात ठेवावे. भाकरी-ताकावर वाढलेल्या कुत्र्याची विष्ठा प्रमाणाने अधिक, मऊ व फिकट असते. मांस मिळणाऱ्या कुत्र्याची थोडी, घट्ट व गडद असते. फार हाडे खाल्ल्यास ती पांढुरकी, कोरडी व भुरभुरीत होते. म्हणून प्रथम आठ दिवस आपल्या कुत्र्याची नेहमीची विष्ठा कशी असते हे पाहून ठेवावे. नेहमीचे रूप ठाऊक असल्याशिवाय बदल ओळखता येत नाही.

पाहण्याची वेळ सकाळची ठेवावी. कुत्रा रात्री राखणीस मोकळा असेल, तर पहाटे त्यास बांधून घ्यावे व नंतर एका ठरावीक जागी न्यावे. चार-सहा दिवसांत त्यास तीच जागा सवयीची होते. त्या ठिकाणी पाच गोष्टी पाहाव्या : किती वेळा झाली, घट्टपणा कसा आहे, रंग कोणता आहे, वर आव किंवा रक्त आहे काय, आणि आत जंत, केस, चिंधी, प्लॅस्टिक किंवा हाडांचे तुकडे आहेत काय. यास एक मिनिटही लागत नाही.

पातळ विष्ठा

शिळे व आंबलेले अन्न, मेलेले जनावर, आहारात एकाएकी केलेला बदल, जंत, रोगजंतू आणि विष अशा अनेक कारणांनी हगवण लागते. आतड्याच्या कोणत्या भागात बिघाड आहे याचा अंदाज मात्र पाहणाऱ्यास करता येतो. विष्ठा एका वेळी पुष्कळ, पाण्यासारखी होते, वेळा फारशा वाढत नाहीत आणि कुत्रा वाळत जातो, असे असल्यास बिघाड बहुधा लहान आतड्यात असतो. याउलट कुत्रा वारंवार बसतो, कुंथतो, थोडी थोडी विष्ठा टाकतो आणि तीवर आव किंवा ताजे लाल रक्त दिसते, असे असल्यास बिघाड बहुधा मोठ्या आतड्यात असतो. ही माहिती पशुवैद्यकास सांगितल्यास निदानाला पुष्कळ मदत होते.

मोठा कुत्रा हुशार आहे, पाणी पितो, ओकत नाही, विष्ठेत रक्त नाही, अशा साध्या हगवणीत एक वेळचे अन्न बंद ठेवावे. स्वच्छ पाणी मात्र थोडे थोडे, वारंवार पाजावे. नंतर एक-दोन दिवस मऊ भात व त्यात उकडलेले अंडे किंवा मसाला न घातलेले, हाडे काढलेले उकडलेले मांस थोड्या प्रमाणात द्यावे. तिखट, तेल व मीठ घालू नये. एका दिवसात उतार न पडल्यास दवाखाना गाठावा. लहान पिल्लास मात्र उपाशी ठेवू नये व वाटही पाहू नये. पिल्लाच्या अंगातील पाणी काही तासांतच धोक्याच्या मर्यादेपर्यंत घटते.

अंगातील पाणी घटले आहे काय हे पाहण्यासाठी खांद्यावरची कातडी चिमटीत धरून वर उचलावी व सोडावी. निरोगी जनावरात ती तत्काळ पूर्ववत बसते. पाणी घटले असल्यास हळूहळू बसते. हिरड्याही बोटास चिकट लागतात. अशा कुत्र्यास सलाइनची आवश्यकता असते. घरगुती उपायांत वेळ दवडू नये.

याउलट, दोन-तीन दिवस विष्ठाच झाली नाही, कुत्रा नुसता कुंथतो व ओकतो, तर हाड, कणसाचे बुरकुंड किंवा चिंधी आतड्यात अडकल्याचा संभव असतो. अशा वेळी एरंडेल किंवा अन्य जुलाब देऊ नये. अडकलेल्या पदार्थावर जोर पडून आतडे फाटण्याचा धोका असतो.

रंग काय सांगतो

डांबरासारखी काळी, चिकट व उग्र वासाची विष्ठा ही जठरात किंवा लहान आतड्यात रक्तस्राव होत असल्याची खूण होय. तेथील रक्त पचनमार्गातून खाली येताना काळे पडते. अंकुशकृमी हे याचे एक वारंवार आढळणारे कारण आहे. दुसरे कारण माणसाच्या औषधांचे आहे. लंगडणाऱ्या कुत्र्यास घरातील वेदनाशामक गोळी देण्याची पद्धत दिसते. अशा गोळ्यांनी कुत्र्याच्या जठरात व्रण पडून रक्तस्राव होतो. मात्र कुत्र्याने आदल्या दिवशी पुष्कळ रक्त किंवा काळीज खाल्ले असेल, अथवा त्यास लोहयुक्त औषध चालू असेल, तरीही विष्ठा काळी दिसते. ही चौकशी आधी करावी.

ताजे लाल रक्त हे मोठ्या आतड्यातून किंवा गुदद्वाराजवळून येते. घट्ट विष्ठेवर एखादी रेघ दिसल्यास हाडाचा ओरखडा असू शकतो. पातळ विष्ठेत रक्त मिसळलेले असल्यास ते गंभीर समजावे.

पांढुरकी, मातकट विष्ठा हाडे न खाता दिसू लागली, तर पित्त आतड्यात उतरत नसल्याचा संशय घ्यावा. पिवळसर किंवा नारिंगी विष्ठेबरोबर लघवी गडद होत असेल व डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसत असेल, तर ती काविळीची लक्षणे होत. यकृताच्या आजाराप्रमाणेच गोचिडांमुळे होणाऱ्या रक्ताच्या रोगातही अशी लक्षणे दिसतात. अशा कुत्र्याच्या कानात व बोटांच्या बेचक्यांत गोचीड आहेत काय हे पाहावे आणि त्यास विनाविलंब दवाखान्यात न्यावे.

हिरवी विष्ठा पुष्कळदा गवत खाल्ल्याने होते व ती चिंतेची नसते. परंतु हिरवे किंवा निळे दाणे दिसल्यास उंदीर मारण्याच्या रंगीत आमिषाचा संशय घ्यावा. त्यांपैकी काही विषे रक्त गोठू देत नाहीत. कुत्रा दोन-तीन दिवस चांगला दिसतो आणि नंतर हिरड्यांतून, नाकातून किंवा विष्ठेतून रक्त जाऊ लागते. यावर जीवनसत्त्व ‘के’चा उतारा आहे, परंतु तो वेळेवर मिळावयास हवा. विषाचे वेष्टण सापडल्यास ते पशुवैद्यकास दाखवावे. फवारणीचे कीटकनाशक पोटात गेले असल्यास एकाएकी हगवण, तोंडातून लाळ, थरथर व बारीक झालेली बाहुली ही लक्षणे दिसतात. येथे मिनिटांचे मोल असते.

पिल्लांची रक्ती हगवण

सहा आठवड्यांपासून सहा महिन्यांपर्यंतच्या पिल्लांत पार्व्हो नावाचा विषाणुरोग फार प्राणघातक ठरतो. हा रोग प्रथम १९७८ साली ओळखला गेला व अल्पावधीतच जगभर पसरला. पिल्लू प्रथम मलूल होते व अन्न सोडते, नंतर ओकू लागते, आणि मग अत्यंत दुर्गंधीयुक्त, रक्तमिश्रित पातळ विष्ठा होऊ लागते. उपचार न झाल्यास बहुसंख्य पिल्ले दगावतात. वेळेवर सलाइन व औषधोपचार मिळाल्यास पुष्कळ वाचतात.

या विषाणूचा प्रसार आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून होतो आणि तो जमिनीत महिनोन्‌महिने जिवंत राहतो. म्हणून एक पिल्लू मेले की त्याच जागी लगेच दुसरे आणून बांधणे म्हणजे त्यासही रोगाच्या स्वाधीन करणे होय. साध्या साबणाने हा विषाणू मरत नाही. विष्ठा उचलून फरशी धुतल्यानंतर ब्लीचिंग पावडरचे ताजे पाणी वापरावे. हा रोग माणसास होत नाही. त्यावर उत्तम लस उपलब्ध आहे. सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सुरू करून, सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी ती टोचून घ्यावी लागते. एकच टोचणी पुरेशी होत नाही.

दिसणारे जंत

विष्ठेत किंवा ओकारीत शेवयांसारखे लांब, पांढरट जंत दिसल्यास ते गोलकृमी होत. पिल्लांना हे आईच्या गर्भातच मिळतात व नंतर दुधावाटेही मिळतात. म्हणून पोट नगाऱ्यासारखे, अंग मात्र वाळलेले व केस निस्तेज, अशी पिल्ले गावोगाव दिसतात. या कृमींची अंडी विष्ठेबरोबर जमिनीवर पडतात आणि दोन-तीन आठवड्यांनी बाधक होतात. अंगणातील मातीत खेळणाऱ्या मुलाच्या पोटात ती गेल्यास त्यांतील अळ्या यकृत, फुप्फुस व क्वचित डोळ्यापर्यंत पोहोचतात. ताजी विष्ठा रोजच्या रोज उचलली, तर अंडी बाधक होण्यापूर्वीच नाहीशी होतात. एवढ्या एका सवयीने मुलांचे मोठे रक्षण होते.

अंकुशकृमी फार बारीक असतात व विष्ठेत सहसा दिसत नाहीत. दिसते ते त्यांचे काम. ते आतड्यास चिकटून रक्त पितात. काळी विष्ठा, फिकट हिरड्या व अशक्तपणा ही त्यांची लक्षणे होत. पावसाळ्यात ओलसर, सावलीच्या जमिनीत यांच्या अळ्या भराभर वाढतात व कातडीतूनही शरीरात शिरतात. अनवाणी चालणाऱ्या माणसाच्या पायावर खाजणारी, वेडीवाकडी सरकणारी रेघ उमटते, ती पुष्कळदा अशाच अळ्यांची असते.

विष्ठेवर किंवा शेपटीखालच्या केसांत तांदळाच्या वा काकडीच्या बीसारखे दाणे, काही वेळा हालणारे, दिसल्यास ते पट्टकृमीचे तुकडे होत. यांतील नेहमी आढळणारी जात पिसवांमुळे पसरते. पिसू चावताना कुत्रा ती गिळतो आणि तिच्यातील अळी त्याच्या आतड्यात वाढते. म्हणून केवळ जंताचे औषध देऊन भागत नाही. पिसवांचाही बंदोबस्त करावा लागतो.

न दिसणारा कृमी

येथवर सांगितलेले बदल डोळ्यांना दिसणारे आहेत. आता ज्याची कोणतीही खूण बहुधा विष्ठेत दिसत नाही, अशा कृमीकडे वळावयाचे आहे. एकायनोकॉकस नावाचा हा पट्टकृमी अवघा काही मिलिमीटर लांबीचा असतो. कुत्र्याच्या आतड्यात तो हजारोंच्या संख्येने असला, तरी कुत्रा धष्टपुष्ट राहतो व विष्ठा बांधीव, तपकिरी व निर्दोष दिसते. परंतु त्याच विष्ठेतून सूक्ष्म अंडी बाहेर पडत असतात.

ही अंडी चाऱ्यावाटे मेंढी, शेळी, गाय किंवा म्हैस यांच्या पोटात गेली, की त्यांच्या यकृतात व फुप्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी तयार होतात. जनावर कापल्यावर अशा गाठी असलेले काळीज किंवा फुप्फुस कुत्र्यास टाकले गेले, तर गाठीतील बीजांपासून त्याच्या आतड्यात पुन्हा कृमी वाढतात आणि सुमारे सहा-सात आठवड्यांत अंडी टाकू लागतात. चक्र असे पूर्ण होते. माणसाच्या पोटात ही अंडी गेल्यास माणसाच्याही यकृतात व फुप्फुसात तशाच गाठी होतात. त्या वर्षानुवर्षे हळूहळू वाढतात व पुष्कळदा शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर राहत नाही. गोलकृमीची अंडी बाधक होण्यास काही आठवडे लागतात. याची अंडी मात्र पडल्या क्षणापासून बाधक असतात. ती कुत्र्याच्या केसांसही चिकटतात. कुत्र्यास कुरवाळून हात न धुता भाकरीस बसणारे मूल, किंवा कुत्रा हिंडलेल्या वाफ्यातील कोथिंबीर न धुता खाणारा माणूस यांना धोका असतो.

याच जातकुळीचा आणखी एक पट्टकृमी मेंढपाळांच्या परिचयाचा आहे, जरी त्याचे मूळ त्यांस ठाऊक नसले तरी. मेंढी मान वाकडी करून एकाच बाजूस गरगर फिरू लागते, कळपामागे पडते व अखेर मरते. तिच्या मेंदूत पाण्याची गाठ झालेली असते. ती गाठ कुत्र्याच्या विष्ठेतील अंड्यामुळे झालेली असते, आणि त्या मेंढीची मुंडी कुत्र्याने खाल्ली की रोग पुढच्या मेंढीसाठी तयार होतो. म्हणजे कळपाची राखण करणारा कुत्राच नकळत कळपाचा वैरी ठरतो. आणि दोष त्याचा नसून त्यास काय खाऊ घातले याचा असतो.

भोर तालुक्यात गावोगावच्या जत्रांना घरोघरी बकरे कापण्याची प्रथा आहे. त्या दिवशी वजडी, फुप्फुस, खराब दिसणारे काळीज इत्यादी टाकाऊ भाग ओढ्याकाठी किंवा उकिरड्यावर टाकले जातात आणि गावचे सर्व कुत्रे तेथे जमतात. या एका दिवसाच्या निष्काळजीपणाचे फळ वर्षभर भोगावे लागते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी जत्रेपूर्वी आठ दिवस या गोष्टीचा प्रचार करावा.

इतर देशांनी काय केले

हे चक्र तोडता येते, याचे पुरावे आहेत. आइसलंड या मेंढपाळी देशात गाठींचा हा रोग पूर्वी फार होता. डॅनिश शास्त्रज्ञ हाराल्ड क्राबे यांनी १८६३ साली तेथे जाऊन पाहणी केली. त्यांनी सामान्य लोकांसाठी सोप्या भाषेत लिहिलेली पुस्तिका १८६४ साली घरोघरी विनामूल्य वाटण्यात आली. कुत्र्यांस जंताचे औषध द्यावे आणि गाठी असलेले अवयव कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नयेत, हे तिचे सार होते. त्यास पुढे कायद्याची जोड मिळाली, आणि विसाव्या शतकात तो रोग तेथून जवळजवळ नाहीसा झाला.

न्यूझीलंडने १९५९ साली यासाठी स्वतंत्र कायदा केला. गावोगाव कुत्र्यांना एकत्र आणून त्यांस अरेकोलीन नावाचे औषध देण्यात येई व त्याने होणाऱ्या जुलाबाची तपासणी करून कोणाच्या कुत्र्यात पट्टकृमी आहे हे पाहिले जाई. अरेकोलीन हा आपल्या परिचयाच्या सुपारीतील अर्क होय. परिश्रमांती २००२ साली तो देश या रोगापासून तात्पुरता मुक्त म्हणून जाहीर झाला. सुपारी कुत्र्यास घरी देण्याचा प्रयोग मात्र कोणी करू नये. ती त्यास विषारी ठरते. आज प्राझिक्वांटेल हे अधिक सुरक्षित व खात्रीचे औषध सहज मिळते.

काय करावे

१. जंताचे औषध वेळापत्रकाने द्यावे. पिल्लांस दोन आठवड्यांच्या वयापासून दर दोन आठवड्यांनी, आठ आठवडे पूर्ण होईपर्यंत. नंतर सहा महिन्यांपर्यंत दरमहा. आणि पुढे दर तीन महिन्यांनी द्यावे. विष्ठेत जंत दिसण्याची वाट पाहू नये.

२. मेंढरांच्या कळपाजवळील व कच्चे मांस मिळणाऱ्या कुत्र्यांस वर्षातून निदान चार वेळा प्राझिक्वांटेलयुक्त औषध द्यावे. गोलकृमीच्या सर्व औषधांनी पट्टकृमी मरत नाहीत, म्हणून औषधात काय आहे हे विचारून घ्यावे. मात्रा कुत्र्याचे वजन पाहून पशुवैद्यकच ठरवील. मेंढरांसाठी आणलेले औषध अंदाजाने कुत्र्यास देऊ नये.

३. औषध दिल्यानंतर दोन-तीन दिवस कुत्र्यास बांधून ठेवावे आणि त्याची सर्व विष्ठा जाळावी किंवा खोल पुरावी. औषधाने कृमी मरतात, अंडी मरत नाहीत.

४. कापलेल्या जनावराचे काळीज, फुप्फुस व मुंडी कच्ची कुत्र्यास घालू नये. घालावयाची असल्यास बारीक तुकडे करून अर्धा ते पाऊण तास उकळावी. टाकाऊ भाग कुत्र्यांना उकरता येणार नाही एवढ्या खोल खड्ड्यात, वर चुना व दगड घालून पुरावे. मेलेल्या मेंढीचीही हीच व्यवस्था करावी.

५. रोजची विष्ठा फावड्याने उचलून वेगळ्या खड्ड्यात टाकावी. ती उकिरड्यात किंवा भाजीच्या वाफ्यात टाकू नये. कडब्याची गंजी व गव्हाण येथे कुत्र्यास जाऊ देऊ नये. कुत्र्याच्या विष्ठेतील निओस्पोरा नावाचा एक सूक्ष्म परजीवी चाऱ्यावाटे गाईच्या पोटात गेल्यास तिचा गर्भपात होऊ शकतो.

६. कुत्र्यास हात लावल्यावर व मातीत खेळल्यावर मुलांनी साबणाने हात धुवावेत. पालेभाज्या वाहत्या पाण्यात धुवाव्यात.

७. लाळ गाळणाऱ्या, गिळता न येणाऱ्या किंवा वागणे बदललेल्या कुत्र्याच्या तोंडात औषधासाठी हात घालू नये. तो पिसाळलेला असू शकतो. दरवर्षी श्वानदंशाची प्रतिबंधक लस टोचून घ्यावी.

नमुना कसा न्यावा

संशय आल्यास विष्ठेची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून घ्यावी. ताज्या विष्ठेचा जमिनीस न लागलेला भाग, साधारण सुपारीएवढा, स्वच्छ, कोरड्या, झाकणाच्या बाटलीत घ्यावा. हातास प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळावी. बाटलीवर मालकाचे नाव, कुत्र्याचे वय व दिनांक लिहावा. उन्हात ठेवू नये व शक्यतो त्याच दिवशी पोहोचवावा. जंत दिसला असल्यास तोही वेगळ्या बाटलीत न्यावा. शेवटचे जंताचे औषध केव्हा दिले, ओकारी आहे काय, काय खाल्ले, हे सांगावे. अंडी रोज सारखी पडत नाहीत, म्हणून एका तपासणीत काही आढळले नाही तरी पुन्हा नमुना मागितला जाऊ शकतो. एकायनोकॉकसची अंडी इतर काही पट्टकृमींच्या अंड्यांसारखीच दिसतात. त्यामुळे तपासणी झाली तरी नियमित औषध थांबवू नये.

तपासणीसाठी प्रथम आपल्या भागातील पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे. किकवी भागातील लोकांस आणखी एक सोय जवळ आहे. नीरा नदी ओलांडली की शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. ते १९८८ साली सुरू झाले. अवघड आजारात पशुवैद्यकाच्या सल्ल्याने तेथे जाता येईल.

पुढील लक्षणांत मात्र नमुन्याची वाट न पाहता कुत्र्यासच घेऊन तत्काळ दवाखाना गाठावा : पिल्लास हगवण व ओकारी, पातळ विष्ठेत रक्त, डांबरी काळी विष्ठा व फिकट हिरड्या, पिवळे डोळे, विष्ठा बंद व सतत ओकारी, विष खाल्ल्याचा संशय.

कार्यकर्त्यांस सूचना

गावात या विषयाची माहिती देताना व्याख्यानापेक्षा प्रात्यक्षिक उपयोगी पडते. जत्रेच्या किंवा बाजाराच्या दिवशी गाठ असलेले काळीज मिळाल्यास पशुवैद्यकाकडून ते न कापता काचेच्या बरणीत राखून घ्यावे व लोकांस दाखवावे. ही गाठ मेंढीत आली ती कुत्र्याच्या विष्ठेतून, आणि माणसातही येऊ शकते, एवढे पाहून समजले म्हणजे खड्डा खणण्यास लोक आपण होऊन तयार होतात. पाऊस सरल्यावर मेंढपाळांचे वाडे शिवारात उतरतात, तेव्हा त्यांच्या कुत्र्यांस व गावच्या कुत्र्यांस एकाच दिवशी औषध देण्याची योजना पशुवैद्यकीय दवाखान्याच्या मदतीने आखावी. केवळ गावच्या कुत्र्यांस औषध देऊन कळपाच्या कुत्र्यांस वगळले, तर निम्मे काम व्यर्थ जाते.

तात्पर्य, विष्ठेत दिसणारा बदल कुत्र्याचे दुखणे वेळेवर सांगतो. त्याकडे रोज पाहावे. परंतु विष्ठा चांगली दिसते म्हणून जंताचे औषध टाळू नये आणि कच्चे अवयव कुत्र्यापुढे टाकू नयेत. पाहणी, औषध आणि खड्डा या तिन्ही गोष्टी एकत्र चालल्या तरच राखणीचा कुत्रा, कळप आणि घरातील मुले सुरक्षित राहतील.